होय, नाही आणि आप्पा

आप्पांनी मला नोकरीवर घेताना एकच प्रश्न विचारला होता.

"काम चांगलं करशील का फार चांगलं?"

मी घाबरून "चांगलं" म्हणाले. ते खूश झाले. "फार चांगलं म्हणणारी पोरं दोन महिन्यांत पुण्याला पळतात," असं म्हणून त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. माणसाला दोनच वाटा दाखवायच्या आणि दोन्ही आपल्याच अंगणात आणून सोडायच्या, हा त्यांचा धंदाच होता, हे कळायला मला पुढचे काही महिने लागले.

शिरूरमध्ये ठिबकच्या पाइपांचं एक दुकान होतं. त्याच्यावर लोखंडी जिना चढून गेलं की आमचं ऑफिस. आप्पा शिरूरला अजून घोडनदीच म्हणायचे. लग्नपत्रिका छापण्यापासून सुरुवात करून त्यांनी पुढे एक साप्ताहिक काढलं होतं. दोन हजार सालानंतर वेबसाइटची हवा आली तेव्हा बातम्यांची वेबसाइटही काढली. शिरूर आणि दौंड, दोन तालुके. पुण्याच्या एका मुलानं ती बनवून दिली होती आणि चालवायला मी होते, कारण मला मराठी टायपिंग येत होतं. आप्पांनी स्वतः माउसला कधी हात लावला नाही. "शेपूट असलेल्या वस्तूला मी शिवत नाही," म्हणायचे. माझ्या खुर्चीमागे हाताची घडी घालून उभे राहायचे आणि मजकूर सांगायचे.

अंगात कायम पांढरा बुशशर्ट. खिशाला दोन पेनं, दोन्ही न चालणारी. कुणी सहीसाठी पेन मागितलं की त्यातलं एक काढून द्यायचे आणि समोरचा कागदावर ओरखडे काढायला लागला की शांतपणे बघत बसायचे. माणूस निघून गेला की मला म्हणायचे, "चार वेळा घासलं, फुंकर मारली, झटकलं. पेन चालत नाही असं पहिल्याच वेळी कुणी म्हणत नाही. आपलंच चुकतंय असं वाटतं माणसाला." लोकांविषयी त्यांचा एवढा एकच अभ्यास होता, पण तो पक्का होता.

बातम्या आमच्या बेताच्याच. कुठे विहिरीत बिबट्या पडला, कुठे वार्षिक सभा गोंधळात पार पडली. लोक यायचे, वाचायचे, जायचे. साइट चालायची ती उजव्या कोपऱ्यातल्या 'आजचा कौल' या चौकटीवर. एक प्रश्न, खाली दोन गोल, त्याखाली एक बटण. सुरुवातीला मी तिसरा गोल ठेवला होता, 'सांगता येत नाही'. आप्पांनी तो काढायला लावला. "ज्याला सांगता येत नाही तो आलाच कशाला?"

कौल कशासाठी असतो हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं. "बातमी वाचली की माणूस जातो. मत दिलं की निकाल बघायला थांबतो. दुसऱ्या दिवशी परत येतो, आपण जिंकतोय का बघायला. म्हणजे एकाच माणसाचे तीन झाले. मग ट्रॅक्टरवाल्याला जाहिरात मागताना सांगता येतं, बघा किती लोक येतात."

"पण लोकांचं मत काय आहे ते कळत नाही ना यातून?" मी विचारलं.

"तुला कळून काय करायचंय?" आप्पा म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

प्रश्न तयार करणं हा मात्र सोहळा असायचा. सकाळी आल्या आल्या आप्पा प्रश्न रचायचे आणि तीन माणसांवर तो घालून बघायचे. खालचा पाइपवाला, चहावाला आणि मी. तिघांनी एकच उत्तर दिलं की प्रश्न पिकला. एखाद्यानं "तसं बघायला गेलं तर" अशी सुरुवात केली की प्रश्न कच्चा, परत घडवायला घ्यायचा. "नाही म्हणणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटली पाहिजे," हे त्यांचं माप. शाळेसमोरच्या गतिरोधकाबद्दल विचारायचं तर ते 'गतिरोधक बसवावा का' असं कधीच विचारायचे नाहीत. 'चिमुकल्यांचा जीव वाचावा का' असं विचारायचे.

एकदा कांद्याचे भाव हलायला लागले. आप्पांनी दोन तालुक्यांच्या पानांवर दोन वेगळे कौल लावले. शिरूरच्या पानावर विचारलं, 'भाव चढणार असताना कांदा घाईने विकून टाकावा का?' दौंडच्या पानावर, 'चाळीत कांदा सडत असताना तो अडवून ठेवावा का?' दोन्हीकडे लोकांनी भरभरून 'नाही' म्हटलं. दुसऱ्या दिवशी आप्पांनी दोन मथळे शेजारी शेजारी लावायला सांगितले. 'कांदा विकू नये: शिरूरकर ठाम.' 'कांदा साठवू नये: दौंडकरांचा कौल.' दुपारी केडगावहून एका शेतकऱ्याचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"इकायचा न्हाई, ठिवायचा न्हाई," तो म्हणाला, "मंग सगळा खाऊ का?"

"उद्या त्यावर कौल घेतो," आप्पा म्हणाले, आणि फोन ठेवायची खूण केली.

त्यांना या विद्येत हरवणारं एकच माणूस होतं, त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू. रोज एक वाजता काकूंचा फोन यायचा. "वेळेवर येताय जेवायला का शिळं खाणार?" आप्पा "वेळेवर" म्हणून उठायचे. चप्पल घालता घालता म्हणायचे, "तीस वर्षं छापखान्यात घासून मी जे शिकलो, ते हिला न शिकता येतं."

आता माझ्या वाट्याचं सांगते. साइटवर नियम होता, एका कॉम्प्युटरवरून एकच मत. पण साइट बनवणाऱ्या मुलानं मला सांगून ठेवलं होतं की ब्राउझर साफ केला की कॉम्प्युटर सगळं विसरतो आणि पुन्हा मत देता येतं. कौल थंड पडला, किंवा नको त्या बाजूला कलला, की आप्पा खुर्चीमागून हळूच म्हणायचे, "पोरी, जरा जनता हो." मग मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत जनता व्हायचे. साफ करायचं, दाबायचं, साफ करायचं, दाबायचं. मला त्यात काही वाटत नसे हे खरं आहे. उलट बातम्या टाइप करण्यापेक्षा ते सोपं होतं.

तर अशात एक दिवस शेठ आले. स्टँडकडच्या रस्त्याला त्यांनी दुमजली कॉम्प्लेक्स बांधलं होतं, आणि नेमक्या त्याच्यासमोर निमोण्या-न्हावऱ्याच्या वडाप जीपा लागायच्या. वडाप म्हणजे दहाजणांच्या गाडीत सतराजण आणि टपावर पिशव्या. शेठना तो थांबा बायपासच्या पलीकडे घालवायचा होता. गावातली पुढारी आणि व्यापारी मंडळी महिनाअखेर बसून ठरवणार होती. बैठकीत दाखवायला शेठना जनतेचं मत हवं होतं. सोबत वर्षाची जाहिरात होती, म्हणून हा एक कौल रोजच्यासारखा न बदलता बैठकीपर्यंत ठेवायचा होता.

आप्पांनी त्या प्रश्नावर दोन दिवस घालवले. मग माझ्यामागे उभं राहून सांगितलं, "लिही. शहराच्या सौंदर्याला बाधा आणणारा वडाप जीप थांबा बायपासपलीकडे हलवावा का? पहिला पर्याय, होय, शहर सुंदर व्हावे. दुसरा पर्याय, नाही, आहे तसे गलिच्छ राहू द्यावे."

माझे हात थांबले. "आप्पा, मी त्याच जीपनं येते निमोण्याहून."

"मग तुला तर माहीतच आहे किती गलिच्छ असतं तिथं."

मी टाइप केलं. शेठच्या पुतण्याचा कॉम्प्युटर क्लास होता, तिथल्या वीस कॉम्प्युटरवरून पोरांनी 'होय' दाबलं. उरलेली जनता मी झाले. आठवड्याभरात शेठ निकालाचं प्रिंट घेऊन गेले आणि त्यांनी ते आपल्या दुकानाच्या काचेला लावलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जीपमध्ये बसले तर रफिकभाईंनी आरशातून माझ्याकडे बघितलं. रफिकभाई न्हावऱ्याचे. त्यांचे वडील टांगा चालवायचे आणि ते त्याच रस्त्यावर जीप.

"ताई, तुमच्या पेपरात आमच्यावर मतदान लागलंय म्हनं?"

"हो."

"मंग आमचं मत कुठं घेत्यात?"

"कॉम्प्युटरवर."

"कॉम्प्युटर कुठाय?"

"ऑफिसात आहे आमच्या," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि गिअर टाकला. बोलणं एवढंच झालं.

मंगळवारी अकराच्या सुमाराला जिन्यावर कुणीतरी थांबत थांबत चढत असल्याचा आवाज आला. दारात गऊबाई. आमच्याच निमोण्याच्या, साठी उलटलेल्या. साखरेच्या आजारानं डाव्या पायाची जखम भरत नव्हती, म्हणून दर मंगळवारी ड्रेसिंगला जीपनं शिरूरला यायच्या. त्यांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, आत आल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं मतदार ओळखपत्र काढून आप्पांच्या टेबलावर ठेवलं.

"मत द्याचंय," त्या म्हणाल्या. "रफिक म्हनला हितं हाय."

आप्पा कार्डाकडे बघत राहिले. "आजी, हे तसलं मतदान न्हाई."

"मंग कसलं हाय?"

"हे आपलं कॉम्प्युटरवर असतंय," आप्पा म्हणाले.

"आसू द्या की. मागच्या टायमाला बी मशिनीवरच दिल्तं."

मी उठून त्यांना माझी खुर्ची दिली. त्या पाय सांभाळून बसल्या, पदर नीट केला आणि पडद्याकडे बघितलं. "काय लिवलंय? वाचून दाव."

मी वाचून दाखवलं. शेवटच्या पर्यायाशी माझा आवाज आपोआप खाली गेला.

"शेवटाला काय म्हनलीस?"

"गलिच्छ."

"गलिच्छ म्हंजी कोन? आमी?"

आप्पा खिडकीतून खाली पाइपांच्या वेटोळ्यांकडे बघत होते. "तसं न्हाई आजी," ते म्हणाले.

"न्हाई, इचारते आपलं. गाडी हितंच ऱ्हावी आसं म्हनायचं आसंल तर कंचं दाबायचं?"

"खालचं," मी म्हणाले.

"म्हंजी गलिच्छ."

"हो."

त्यांनी एकदा आपल्या पायाकडे बघितलं. "बरं. गलिच्छ तर गलिच्छ. चालत यायला न्हाई जमत मला." असं म्हणून त्यांनी पडद्याच्या काचेवर बोट टेकवलं. मी त्यांचा हात धरून माउसवर आणला आणि त्यांच्या बोटावर माझं बोट ठेवून बटण दाबलं.

पडद्यावर पाटी आली. 'आपले मत यापूर्वीच नोंदवले गेले आहे. धन्यवाद.'

सकाळीच त्या कॉम्प्युटरवर मी जनता होऊन बसले होते आणि शेवटचं साफ करायचं राहून गेलं होतं.

"काय म्हनतंय?"

"तुमचं मत आधीच दिलंय म्हणतंय."

"कुनी दिलं?"

मी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. गऊबाई आळीपाळीनं दोघांकडे बघत होत्या, रागानं नव्हे, खरोखर उत्तरासाठी. "मशीनची चूक झाली," मी म्हणाले. ब्राउझर साफ केला, चौकट पुन्हा आली, आम्ही दोघींनी मिळून पुन्हा दाबलं. या वेळी मत पडलं. गऊबाईंनी ओळखपत्र परत प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. बोटाला शाई लावत नाहीत का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर जरा हिरमुसल्या, आणि एकेक पायरी उतरून गेल्या.

काकूंचा एकचा फोन आला, तो आप्पांनी उचलला नाही. मग म्हणाले, "आजपासून तू जनता व्हायचं नाही."

"बरं."

"आणि त्या रफिकला सांग, ज्यांना यायचंय त्यांना आण म्हणावं."

मी विचारलं, प्रश्न बदलू का, तो शब्द तरी काढू का. आप्पांनी नकारार्थी मान हलवली. "मधेच प्रश्न बदलला तर त्या म्हातारीनं दिलेलं मत कशावरचं म्हणायचं?" आयुष्यभर त्यांनी प्रश्नांना वाटेल तसं वाकवलं होतं. नेमका हा एक त्यांनी सरळ करू दिला नाही. मला वाटतं, त्यांना तो रोज ऐकायचा होता.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक खेपेला जीपमधले चार-सहाजण जिना चढून यायला लागले. आप्पा दाराशी उभे राहून प्रत्येकाला प्रश्न स्वतः वाचून दाखवायचे. शेवटचा शब्द न गिळता. दूध घालायला येणाऱ्या एकानं विचारलं, "गलिच्छ शब्द कुनाचा म्हनायचा?"

"माझा," आप्पा म्हणाले.

"चांगला हाय," तो म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

कॉलेजच्या दोन मुली हसत हसत गलिच्छ झाल्या. एकानं आजोबांच्या वतीनं दुसरं मत देऊ का म्हणून विचारलं, तर आप्पांनी त्याला जिन्यावरून खाली पाठवलं. आजोबांना घेऊन ये म्हणाले. तो दोन दिवसांनी खरोखर घेऊन आला. भारनियमनात वीज गेली की रांग जिन्यावर बसून राहायची आणि खालचा पाइपवाला कुरकुरायचा. प्रत्येक माणसानंतर मी ब्राउझर साफ करायचे. तीच युक्ती, तोच कॉम्प्युटर, तीच मी. फक्त या वेळी दर खेपेला खुर्चीत खरं माणूस होतं.

न्हावऱ्याच्या बौद्धवस्तीतले एक निवृत्त गुरुजी आले. चष्मा पुसून त्यांनी स्वतः दोनदा वाचलं. "याला प्रश्न म्हणतात?" त्यांनी आप्पांना विचारलं. "हा निकाल आहे. खाली सही करायला दोन जागा दिल्यात."

"बरोबर आहे गुरुजी."

"मी यातलं एकही दाबणार नाही. आणि आणखी एक सांगतो. इथं कोण येतंय? जीपनं येणारा येतोय. म्हणजे जीपवाल्यांना विचारलं की जीप पाहिजे का, आणि ते हो म्हणाले. आधी शेठच्या माणसांना विचारलं होतं, आता रफिकच्या. फरक काय झाला?"

आप्पांना हे लागलं. ते उठून माझ्यासकट कॉम्प्लेक्ससमोर गेले आणि दुकानदारांना एकेक करून म्हणाले, वर येऊन मत द्या, कुठलंही द्या. दोघं आले आणि त्यांनी 'होय' दाबलं. एका कापडवाल्यानं यायचं नाकारलं. "जीपा माझं शटर अडवतात," तो म्हणाला. "पण गिऱ्हाईक बी त्यातनंच उतरतं. तुमच्याकडं याला बटण हाय का?"

बटण नव्हतं.

गुरुजींचं ते बोलणं आप्पांच्या डोक्यातून पुढे कधीच गेलं नाही. काही वर्षांनी मी दौंडला एका दवाखान्यात नोकरीला लागले, तेव्हा आप्पाही मुलीकडे दौंडलाच राहायला आले होते. एकदा भाजीबाजारात भेटले. तेव्हा टीव्हीवर एसएमएस पाठवून मत द्यायचं खूळ जोरात होतं. आप्पा पालकाची जुडी हातात धरून मला म्हणाले, "किती लोकांनी हो म्हटलं ते दाखवतात, किती लोकांनी नाही म्हटलं ते दाखवतात. किती जणांनी टीव्ही बंद केला, ते कुणी दाखवतंय का खाली?" पालकवालीनं, घेताय का नुसती धरताय, असं विचारलं तेव्हा त्यांनी जुडी घेतली.

असो. बैठकीच्या चार दिवस आधी आमच्या साइटवरचा कौल उलटला. 'गलिच्छ राहू द्यावे' पुढे गेलं. दुसऱ्याच दिवशी शेठ जिना चढून आले. बरोबर साइट बनवणारा पुण्याचा मुलगा होता आणि त्याच्या हातात कागद.

"आप्पा, ही सगळी मतं तुमच्या या एका कॉम्प्युटरवरून पडलीत," शेठ म्हणाले.

"हो."

"म्हणजे बोगस."

"माणसं आली होती. स्वतःच्या बोटानं दाबून गेलीत."

"आणि आमची वीस कॉम्प्युटरवरून आहेत. कुणीही सांगेल खरी कुठली."

पुण्याच्या मुलानं माझ्याकडे बघितलं. युक्ती त्यानंच शिकवली होती. मी खाली बघितलं. आप्पा मात्र हसायला लागले. आधी थोडं, मग पोट धरून. शेठना वाटलं आपल्याला हसतायत, ते चिडून निघून गेले आणि जाहिरातही घेऊन गेले. आप्पा डोळे पुसत मला म्हणाले, "एवढी वर्षं थापा मारल्या, कुणी एक कागद घेऊन आला नाही. खरं एकदाच केलं तर पुराव्यासकट पकडलं."

बैठकीला आप्पा मलाही घेऊन गेले. शेठनी पहिल्या आठवड्याचं प्रिंट सगळ्यांपुढे फिरवलं. आप्पा उठले आणि म्हणाले, "हे प्रिंट खोटं आहे. मीच केलंय. आणि हेच काय, गेली दोन वर्षं मी या गावाला विचारलेला एकही प्रश्न खरा नव्हता. उत्तर आधी ठरवायचो, मग प्रश्न."

सभागृहात हशा पिकला. आप्पा गावात विनोदी म्हणूनच प्रसिद्ध होते. कुणीतरी मागून म्हणालं, "आप्पा, यावर कौल घ्या एक." पुन्हा हशा. आप्पा हात वर करून थांबा थांबा म्हणत राहिले, आणि जेवढं म्हणत राहिले तेवढं लोक हसत राहिले. मला हसू आलं नाही. मला उठून सांगता आलं असतं की ते खरं बोलतायत, दाबणारी मी होते. मी उठले नाही. उद्या दुसरीकडे नोकरी मागायला गेले तर नाव खराब झालेलं नको, हे माझ्या डोक्यात होतं. आजही ती खुर्ची आठवली की पाठ अवघडते.

थांबा पुढल्याच सोमवारी बायपासपलीकडे गेला.

त्यानंतरच्या मंगळवारी, अकराऐवजी साडेबाराला, गऊबाई जिना चढून आल्या. पायाची पट्टी धुळीनं तपकिरी झाली होती. मी पाणी दिलं. ते पिऊन त्यांनी आप्पांना विचारलं, "माज्या मताचं काय झालं?"

दोन वर्षांत आम्ही रोज एक कौल घेतला होता. असं विचारायला कुणी आलेलं मला आठवत नव्हतं.

"धरलं न्हाई तुमचं मत," आप्पा म्हणाले.

"का?"

"मी लबाड माणूस म्हणून. माझ्या मशीनवर दिलंत, म्हणून त्याला कुणी खरं मानलं न्हाई."

गऊबाईंनी थोडा विचार केला. "हे आधी सांगाया पायजे हुतं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. उलट कुणाला साधी चूक दाखवावी तसं म्हणाल्या, आणि उठल्या.

आप्पाही उठले. त्यांनी गऊबाईंची औषधाची पिशवी घेतली आणि त्यांच्याबरोबर जिना उतरले. एवढ्या उन्हात बायपासपर्यंत ते चालत गेले, हे मला संध्याकाळी रफिकभाईंकडून कळलं. जायला पाऊण तास लागला म्हणे. वाटेत त्या तीन ठिकाणी बसल्या आणि आप्पा प्रत्येक ठिकाणी त्यांच्याशेजारी फुटपाथवर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. "लिही. जीप थांबा हलवला. तुम्हाला काय वाटतं?"

"पर्याय?"

"नाहीत. मोकळा चौकोन ठेव. लिहू देत."

त्यांनी हा प्रश्न ना पाइपवाल्यावर घालून बघितला, ना चहावाल्यावर. पहिला दिवस चौकोन रिकामा. दुसरा रिकामा. आप्पा दर तासाला विचारायचे, आलं का काही. तिसऱ्या दिवशी वीज नव्हती. चौथ्या दिवशी मी साइट उघडली तर चौकोनात एक ओळ आली होती. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेली, नाव नाही, गाव नाही. आप्पांच्या तीर्थरूपांचा उद्धार करणारी आणि शेवटी आप्पांनी त्या जीपखाली जाऊन झोपावं असं सुचवणारी अशी ती एक सणसणीत शिवी होती.

मी ती पुसायला गेले. आप्पांनी मागून माझा हात थांबवला.

"वाच."

"आप्पा, नको."

"वाच म्हणतो ना."

मी वाचली. जिथे शब्द फारच वाईट होता तिथे अडखळले, तर त्यांनी तो पुन्हा म्हणायला लावला. मग टेबलाजवळची खुर्ची ओढून ते माझ्याशेजारी बसले. तसे ते कधी बसत नसत. पडद्याकडे त्यांनी बराच वेळ बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं समाधान पसरलं की जणू घरात कुणाचं लग्न ठरलंय.

"प्रिंट काढ याची," ते म्हणाले. "दोन वर्षांत पहिलं मत आलंय."